दुधाच्या पिशवीतला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, पण माझा आवाज अजून तरणाबांड आहे. खात्री करायची असेल तर वाटीभर पाणी घेऊन या. भोंगा म्हटले की तुमच्या आजोबांना पिंपरीतल्या कंपनीचा भोंगा आठवेल. अख्खी वसाहत त्याच्या आवाजावर जेवायला बसायची. तो मी नव्हे. मी साबणाच्या वडीएवढी एक डबी आहे. आत बॅटरी, पुढे जाळीदार तोंड आणि हातभर वायरीच्या टोकाला पितळेच्या दोन टाचण्या. या टाचण्यांना पाणी टेकले की मी बोंब मारतो आणि कोरड्या असल्या की गप्प बसतो. सध्या माझा मुक्काम मोशीत, इंद्रायणीच्या काठी, एका होडीत आहे. ती होडी आजही पाण्यावर आहे आणि यात माझा वाटा मोठा आहे, हे मी स्वतःच सांगतो. नम्र भोंग्याचा कोणाला काय उपयोग?

माझा जन्म भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपात झाला. तिथून मी चाकणच्या एका कारखान्यात गेलो. तिथे लोखंड कापणाऱ्या मोठ्या मशीनला थंड ठेवण्यासाठी दुधासारखे पांढरे पाणी फिरत असे. त्या पाण्याची टाकी गळू लागली तर कळावे म्हणून मला टाकीखाली बसवले. पहिल्याच महिन्यात टाकीला चीर गेली आणि मी असा ओरडलो की जेवायला गेलेली माणसे हातातला घास टाकून धावत आली. सुपरवायझर ज्योतीराम यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खंडेनवमीला मशीनबरोबर मलाही कुंकू लागले आणि झेंडूचे फूल मिळाले. पूजेचे पाणी शिंपडताना दोन थेंब माझ्या टाचण्यांवर पडले आणि मी आरतीतच गळा काढला. सगळे पोट धरून हसले. ते दिवस मानाचे होते.

पुढे नव्या मशीन आल्या. त्यांचे भोंगे त्यांच्या पोटातच होते. मला काढून एका ड्रॉवरमध्ये टाकले. शेजारी जळके फ्यूज आणि काटे नसलेले एक घड्याळ. त्या अंधारात मला कोणी विचारीना. मित्रांनो, भोंग्याला शिव्या चालतात, पण ही शांतता सोसवत नाही. मी फार उदास झालो होतो.

त्या ड्रॉवरमधून मला तेजस्विनीने बाहेर काढले. ही मेंटेनन्स विभागातली मुलगी, मूळची मोशीची.

"सर, हा भोंगा मी नेऊ का?" तिने ज्योतीरामांना विचारले.

"ने की. पण बसवणार कुठं?"

"होडीत."

"चाकणमध्ये होडी?" ज्योतीराम हसायला लागले.

"चाकणमध्ये नाही सर, आमच्या मोशीत," असे म्हणून तिने मला डब्याच्या पिशवीत टाकले. त्या रात्री मला भाकरीचा वास येत होता.

होडी तेजस्विनीच्या वडिलांची, मारुतरावांची. पूर्वी यांचे शेत नदीपलीकडे होते, तेव्हापासून घरात होडी. आता शेतावर इमारती उभ्या आहेत आणि नदीवर जलपर्णी. उन्हाळा आला की ती हिरवी गादी सगळे पात्र झाकून टाकते. मारुतराव फायबरच्या होडीतून जायचे, दाताळ्याने जलपर्णी ओढून होडीत भरायचे आणि काठावर आणून टाकायचे. गेल्या उन्हाळ्यात होडीचा तळ तडकला. पायाखाली फळ्या आणि फळ्यांवर जलपर्णीचा ढीग, त्यामुळे आत येणारे पाणी दिसलेच नाही. घोटे भिजले तेव्हा त्यांना कळले आणि तोवर होडीची मागची बाजू बुडाली होती. जलपर्णीचाच एक भारा कवटाळून ते कसेबसे काठाला लागले. जीव वाचला, पण गुडघा कायमचा दुखावला. बुडालेली होडी गावकऱ्यांनी ओढून काढली. ती घरामागे पालथी पडली आणि तिच्याखाली कोंबड्या राहू लागल्या.

तेजस्विनीच्या आईचे नाव सोजराबाई. भारी जपणारी बाई. तिच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. फ्रिजच्या मुठीला कापडी झबले. स्कूटी घेऊन दोन वर्षे झाली, पण सीटवरचे शोरूमचे प्लास्टिक तसेच. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायची तिला सवय. नवरा बुडता बुडता वाचल्यापासून तिला नदीचे नावही नको झाले होते. होडी कुदळवाडीच्या भंगारात द्यायची, असे तिने जाहीर केले होते. आणि तेजस्विनीला तीच होडी चालवायची होती. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ती इंजिन चालवायला शिकली होती. आपल्या गावची नदी आपण मोकळी करायची, हे तिच्या मनाने घेतले होते.

"आई, होडी पाण्यानं नाही बुडाली," ती म्हणाली. "पाणी आत आलंय हे कोणी सांगितलं नाही, म्हणून बुडाली."

"आन् ही डबी सांगनार व्हय?"

"सांगेल. ओरडून सांगेल."

सोजराबाईने मला उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाली, "एक खेप मी संगं येनार. काय इपरीत झालं, तर त्याच दिशी होडी भंगारात."

"आई, तुला पोहता येत नाही!"

"म्हनून तर येनार. तुझा भरवसा हाय ना त्याच्यावर? मग माझ्या जिवावर दाव."

तेजस्विनीने नाइलाजाने मान डोलावली. मी मात्र मनातून उड्या मारत होतो, कारण एवढी मोठी जोखीम माझ्यावर आजवर कोणी टाकली नव्हती.

होडीचा तळ सांधला गेला. तळातले पाणी उपसायला बॅटरीवर चालणारा छोटा पंप बसला. माझी डबी मागच्या बैठकीखाली स्क्रूने पक्की झाली आणि टाचण्या फळ्यांखाली सोडल्या. सुरुवातीला त्या अगदी तळाला टेकल्या होत्या. सरावाच्या खेपांत ओल्या जलपर्णीचे पाणी निथळायचे आणि मी दिवसभर ओरडायचो. मदतीला नवनाथ असायचा. तो लातूरकडचा, यांच्याच गल्लीत खोली घेऊन राहणारा. त्याने कानांवर हात ठेवले. "ताई, ह्याला गप करा. डोस्कं उठायलंय माझं!" तेव्हा तेजस्विनीने टाचण्या तळापासून चार बोटे वर बांधल्या. निथळलेले पाणी खालीच राहील, आणि पाणी चार बोटांवर आले की समजायचे, बाहेरून येत आहे. शिवाय दर खेपेला निघण्यापूर्वी ती टाचण्यांवर तांब्याभर पाणी ओतायची. मी ओरडलो की मगच होडी सोडायची.

सोजराबाईच्या खेपेचा दिवस गुरुवार ठरला, कारण या भागात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. सकाळी तेजस्विनीने पाणी ओतले, मी दणकून ओरडलो आणि ती पेट्रोल आणायला गेली. मागून सोजराबाई हळदीकुंकू घेऊन आली. होडीची पूजा झाली. फळी उचलून ती मलाही कुंकू लावायला वाकली, तर माझ्या वायरीवरून अजून पाणी ठिबकत होते.

"आगं बया! चांगल्या वस्तूची काय दशा केली पोरीनं!"

तिने पदराने माझी वायर आणि टाचण्या पुसल्या. मग कमरेच्या पिशवीतून दुधाची एक धुतलेली पिशवी काढली, टाचण्या तिच्यात घातल्या, वरून रबर गुंडाळला आणि फळी जागेवर ठेवली. पाण्यासाठी जन्मलेल्या भोंग्याला तिने पाण्यापासून जपले! मित्रांनो, इतक्या मायेने मला आजवर कोणी पुसले नव्हते, हे मी मान्य करतो. पण त्या मायेने माझे तोंड शिवून टाकले होते.

होडी निघाली. काठावरच्या पायरीवर मारुतराव काठी टेकून बसले होते. तेजस्विनी इंजिनावर, नवनाथ पुढे दाताळे घेऊन, आणि सोजराबाई बरोबर माझ्या वरच्या बैठकीवर, दोन्ही कडा घट्ट धरून. पात्राच्या मधोमध पोचल्यावर नवनाथ जलपर्णी ओढू लागला. बघता बघता ढीग गुडघ्यापर्यंत आला.

तेवढ्यात खालून कर्रकन आवाज आला.

"काय रं ते?" सोजराबाई दचकली.

"फांदी घासली असंल, मावशी," नवनाथ म्हणाला. त्याने वाकून पाहिले. हिरव्या गादीखाली काहीच दिसत नव्हते.

ती फांदी नव्हती. कोणीतरी नदीत टाकलेल्या लोखंडी अँगलचे टोक होते, आणि त्याने होडीच्या तळाला बोटभर लांबीची चीर पाडली होती. वर काम चालू राहिले. खाली पाणी आत येऊ लागले. आधी बोटभर, मग दोन बोटे. मी सगळे पाहत होतो. तीन बोटे. माझ्या टाचण्यांना पिशवी चिकटली. चार बोटे झाली, त्याच्याही वर गेले. जन्मभर ज्या पाण्याची वाट पाहिली ते मला चहूबाजूंनी वेढून उभे होते आणि मी आत ठणठणीत कोरडा. माझ्या डोक्यावर एक पोहता न येणारी आई बसली होती. एवढी तळमळ मला त्या ड्रॉवरमध्येही झाली नव्हती.

भीती घालवायला माणसे बोलत राहतात. सोजराबाईही बोलू लागली.

"तेजे, त्या डबीला कळतं कसं गं, पानी आलं म्हनून?"

"टाचण्यांना पाणी टेकलं की कळतं."

"आन् टेकलंच न्हाई तर?"

"मग कसं ओरडेल? भिजला तरच बोलतो तो."

सोजराबाईने खाली बैठकीकडे पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तेजे, म्या त्याला पिशवीत घातलंय."

"काय?"

"भिजत हुतं म्हनून..." असे म्हणता म्हणता तिने बैठकीखालच्या फटीतून हात घातला, रबर धरला आणि पिशवी खसकन ओढली.

मित्रांनो, तो क्षण! गार पाणी टाचण्यांना भिडले आणि मी असा ओरडलो की काठावरचे बगळे उडाले. त्या एका आरोळीत माझी सगळी कोंडलेली तळमळ बाहेर पडली.

"म्या काय न्हाई केलं!" सोजराबाई घाबरून म्हणाली. मग आपल्या कोपरापर्यंत भिजलेल्या हाताकडे तिचे लक्ष गेले.

तेजस्विनी क्षणात उठली. "नवनाथ, सगळी जलपर्णी बाहेर टाक! आई, ते लाल बटण दाब, पंपाचं!"

लाल बटण दाबले गेले. पंप खोकला आणि पाणी बाहेर फेकू लागला. नवनाथने दोन्ही हातांनी ढीग नदीत लोटला. होडी हलकी झाली तशी किंचित वर आली. फळ्या उचलल्या तर खाली कारंजे उडत होते. पंपाला तेवढे पाणी झेपेना.

सोजराबाईच्या हातात ती दुधाची पिशवी अजून तशीच होती. तिने जलपर्णीचे चार फुगीर, भुसभुशीत देठ मोडले, पिशवीत कोंबले, पीळ दिला आणि तो बोळा चिरेत ठोसला. वरून आपली टाच दाबली आणि दोन्ही हातांनी बैठक धरली. कारंजे थांबले.

"बघती काय? हाण इंजिन!" ती लेकीवर ओरडली.

आता ओरडणारे आम्ही दोघे होतो. मी थांबत नव्हतो आणि तीही थांबत नव्हती. "डावीकडनं घे! तिकडं मोकळं हाय!" नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत लोक गोळा झाले. पायरीवर मारुतराव काठी विसरून उभे राहिले होते. पंप पाणी उपसत होता, काठ जवळ येत होता. घाट हाकेच्या अंतरावर असताना पाणी माझ्या टाचण्यांखाली उतरले आणि मी आपोआप गप्प झालो. नवनाथ म्हणाला, "मावशी, गप झाला की हो! जिंकलो आपण!"

होडी पायरीला लागली आणि नवनाथने पिशवीसकट सगळा प्रकार एका दमात सांगितला. मारुतरावांचे डोळे भरले होते. "माझी होडी मुकाट बुडाली हुती," ते म्हणाले. "तुमची वरडत वरडत घरी आली."

तेजस्विनीने इंजिन बंद केले. अट तिला आठवत होती. तिने मान खाली घातली. "आई, आजच भंगारवाल्याला बोलवायचं का?"

सोजराबाईची टाच अजून त्या बोळ्यावरच होती. "कशापायी? होडीला भोक पडलं, होडीनं सांगितलं, आपन बुजवलं. ह्यात भंगारात घालन्यासारखं काय झालं? उद्या नीट सांधून घे. होडी आता तूच चालवायची." मग तिने सगळ्यांकडे पाहिले. "आन् ते पिशवीचं कुनाला सांगू नका."

"पिशवीनंच भोक बुजवलं की!" मारुतराव हसले. "चांगली पिशवी, पर जागा चुकली हुती. आता पोरीवरचं पलास्टिक बी काढून टाक."

सोजराबाई लेकीकडे पाहत राहिली. मग तिने ओल्या हाताने तेजस्विनीचा गाल पुसला. तो आणखीच ओला झाला.

त्याच संध्याकाळी स्कूटीच्या सीटवरचे प्लास्टिक निघाले. रिमोट मात्र अजून पिशवीतच आहे. एकदम सगळे कसे सुटेल? होडी आता दर गुरुवारी आणि सुट्टीच्या प्रत्येक दिवशी नदीत जाते. घाटापासून वळणापर्यंत पात्र मोकळे झाले आहे. तिथे पाण्यात आभाळ दिसते.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही मागतो. आम्हाला पुसा, झाका, सांभाळून ठेवा, असे माझे भाऊबंद म्हणत असतील. मी उलटे मागतो. मला झाकू नका. मला रोज भिजवा, माझा आवाज ऐका आणि मगच पाण्यात उतरा. तुमच्या घरातही एखादा आवाज जपून जपून मुका झाला असेल, तर त्याच्यावरची पिशवी काढा.

होडी जाणार असो वा नसो, माझ्या अंगावर रोज सकाळी पाणी ओतायचे काम आता सोजराबाईने स्वतःकडे घेतले आहे. ती तांब्या घेऊन येते, फळी उचलते आणि भरभरून ओतते. मी जीव तोडून ओरडतो. अर्धी गल्ली जागी होते, कोणीतरी खिडकीतून कटकट करते. सोजराबाई तिकडे लक्ष देत नाही. माझ्याकडे वाकते आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणते, "व्हय रं बाळा, आलं ऐकू!"