पंच केल्यानंतरचे घास

माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, व्हिसा रद्द झाला आणि शिक्षणाचं शेवटचं सत्र बाकी असताना तिला हा देश सोडून मायदेशी परत जावं लागलं.

तसं काहीही झालेलं नाही. मावशीने तिकडे शेजारीपाजारी सांगून ठेवलंय की पोरगी सुट्टीला आली आहे, आणि मावशीच्या शब्दाबाहेर आमच्या घराण्यात कुणी जात नाही. मावशीचे यजमान एकदा गेले होते, ते अजून बाहेरच जेवतात. तेव्हा आपणही तेच धरून चालू. ताई इथेच आहे. संध्याकाळचे पाच वाजलेत. वृद्धाश्रमाच्या दाराजवळच्या यंत्राला तिने कार्ड लावलंय, यंत्राने ‘टुं’ केलंय, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती घरी गेली आहे. प्रत्यक्षात तिने निळा एप्रन काढून पिशवीत कोंबलाय, ती वळून परत आत आली आहे आणि कंडक्टरसमोर स्टूल ओढून बसली आहे.

“काका, तोंड उघडा.”

कंडक्टरने तोंड आणखी घट्ट मिटलं.

“बरं. मग गाडी सुटतेय, मला सांगू नका नंतर.” तिने चमचा वाडग्याच्या काठावर दोनदा वाजवला. टण् टण्.

तोंड उघडलं.

कंडक्टर हे त्याचं नाव नव्हे, उभ्या आयुष्याचा धंदा होता. शहराच्या बसमध्ये घंटीची दोरी ओढत त्याने जन्म काढला. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मग अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू नेली, बोलणं नेलं आणि गिळणंही अर्धंमुर्धं नेलं. घंटी तेवढी न्यायची राहिली. कुणाच्याही हातून तो खात नव्हता. एकदा ताईचा चमचा चुकून काठावर दोनदा आपटला आणि म्हाताऱ्याने आ केला. तेव्हापासून ही बस रोज धावत होती. एक घास गेला की ताई त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून बसायची. घाटी वर जाऊन खाली आली की एक टण्. थांबा. श्वास घ्या. मग दोन. कुस्करलेल्या भोपळ्याचा एक वाडगा संपायला तासभर लागायचा. घाई केली की घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जायचा. ताई मुळात गिळण्याच्या उपचारांचंच शिकायला आली होती, त्यामुळे तिला ते बघवत नसे.

मी तिथे रोज का असायचो? आमच्या खोलीला किल्ली एकच होती आणि ती ताईकडे असायची. घरमालक म्हणाला होता, दुसरी किल्ली दिली तर तिसरा भाडेकरू होतो.

“ताई, तू फुकट राबतेयस,” मी म्हणायचो.

“राबत नाहीये. बसलेय.”

“हातात चमचा घेऊन?”

“तू हात हलवत बसलायस, तुला कुणी काही विचारतंय का? गप बस, टोणग्या. त्यांचं लक्ष जातं.”

आता नियम सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं खोटं वाटेल. शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करायचं. त्यावर एक मिनिट नाही. विसाव्या तासापर्यंत तो होतकरू असतो, एकविसाव्याला गुन्हेगार. यावर आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांनी एक तोडगा काढला होता. आधी यंत्राला कार्ड लावून पंच करायचं, मग उरलेलं काम उरकायचं. पैसे नाहीत म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे नियम मोडला नाही. इतकं साधं तर्कशास्त्र. मीही शिकायलाच आलोय आणि भाड्याने द्यायच्या मोटारी धुतो. शेवटच्या दोन मोटारी मी रोज निव्वळ प्रेमापोटी धुतो. माझा मालक कायद्याला फार मानतो. वीस तास झाले की तो स्वतः येऊन मला पंच करायला लावतो आणि बादली परत हातात देतो.

ताईच्या मॅडम, म्हणजे आश्रमाच्या व्यवस्थापिका, त्याही कायद्याला मानणाऱ्यातल्याच. आश्रमात जेवणाची ट्रॉली पूर्वी चारला यायची. मग स्वयंपाकघरातला एक माणूस कमी केला आणि ट्रॉली पाचला येऊ लागली. ताई त्यांना भेटली.

“मॅडम, माझी वेळ तासभर पुढे सरकवा ना. काकांचं जेवण होईल तेवढ्यात.”

“अगं, मग दुपारच्या आंघोळी कोण घालणार?”

“मग पाचनंतर कुणाला तरी बसवा त्यांच्याजवळ.”

“कुणाला? हे बघ,” मॅडम खुर्चीत मागे रेलल्या, “तुझे तास संपले की मी तुला थांब म्हणणार नाही. ते बेकायदेशीर आहे. पण कुणाला ‘जा’ म्हणणं हा माझा स्वभाव नाही.”

त्यांचा स्वभाव खरोखर चांगला होता. थंडीभर चालला.

कंडक्टरचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी बापाला भेटायला यायचा. बापाच्या गालावर मांस चढलेलं बघून तो हरखला. चौकशी केली, त्याला कळलं, आणि या माणसाच्या मनात कृतज्ञता दाटून आली. शत्रूच्याही मनात न दाटो. तो मॅडमच्या मागे लागला, वार्षिक कार्यक्रमात या मुलीचा सत्कार करा. मॅडमना वाटलं, एक फुलांचा गुच्छ जाईल, काय होतंय. ताईच्या कॉलेजलाही आमंत्रण गेलं. तिथून एक प्राध्यापक आणि एक कॅमेरावाला आला.

ताईने माझ्याकडून इस्त्री करून घेतलेला शर्ट घातला होता. कॉलर मी जाळली होती, ती तिने केसांखाली लपवली. कंडक्टरला पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर बसवलं होतं. मुलगा माइकसमोर उभा राहिला. लिफ्टवाला माणूस, बोलायची सवय नाही. माइकला त्याने आधी स्क्रूड्रायव्हरसारखा धरला, मग बोलला.

“ही मुलगी पाच वाजता कार्ड लावते. ड्युटी संपते. आणि मग, ऐका हं, मग ती माझ्या वडिलांना भरवायला बसते! रोज! एक पैसा घेत नाही! मी पोटचा पोरगा, मी रविवारी येतो. ही रोज बसते!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राध्यापकांनी डोळे पुसले. मॅडमही टाळ्या वाजवत होत्या, पण ‘कार्ड लावते’ या शब्दांपाशी त्यांचे हात मंदावले आणि ‘रोज’च्या वेळेला ते एकमेकांपासून वीतभर अंतरावर थांबले, वीज गेल्यावर पंखा थांबावा तसे.

“ताई,” मी कुजबुजलो, “हा आपल्याला मारतोय.”

“हस,” ती ओठ न हलवता म्हणाली. “फोटो काढतायत.”

कॉलेजने तो फोटो आणि ते अख्खं भाषण आपल्या संकेतस्थळावर टाकलं. शीर्षक: ‘आमचे विद्यार्थी, आमचा अभिमान’. व्हिसाच्या कचेरीत आमचा साधा पत्ता बदलायचा अर्ज वाचायला ऋतू उलटतो. हे त्यांनी चहा गार व्हायच्या आत वाचलं.

सुनावणीच्या खोलीत एक टेबल होतं, त्यावर कागदी रुमालांचा खोका. म्हणजे इथे लोक रडतात हे त्यांना ठाऊक होतं आणि तेवढी व्यवस्था त्यांनी केली होती. कंडक्टरचा मुलगा साक्षीला आला होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला ‘आधार देणारी व्यक्ती’ म्हणून मागे बसू दिलं. अट एवढीच की तोंड उघडायचं नाही. साहेब तरुण होते, सभ्य होते. माझा संताप झाला तो त्यामुळेच. एखादा खेकसणारा असता तर सोपं गेलं असतं.

“पाच वाजल्यानंतर तुम्ही कामावर होतात का?”

“नाही. पंच केलं होतं.”

“मग त्या खोलीत काय करत होतात?”

“काकांना भरवत होते.”

“भरवणं हे तुमच्या कामात येतं?”

“पाचपर्यंत येतं.”

“आणि पाचनंतर?”

“पाचनंतर त्यांना भूक लागते.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, “तुमचा गैरसमज झालाय. पैसे घेतले नाहीत म्हणून ते काम ठरत नाही असं नाही. विनामोबदला कामही कामच. ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते तुम्ही फुकट केलंत, तरी तास मोजले जातात.”

“साहेब,” मुलगा उठला, “ती आमच्या घरचीच आहे. लिहा ना, बहीण. मी मानतो तिला.”

“नातेवाईक असत्या तर ती भेट धरली असती,” साहेबांनी मान्य केलं. “पण मानलेल्या नात्याला रकाना नाही.”

“मग दत्तक घेतो! बाबा घेतील!”

“अर्जदार सज्ञान आहेत. बसा.”

मग त्यांनी मॅडमचं निवेदन वाचलं. त्यात म्हटलं होतं की पाचनंतर सदर विद्यार्थिनी संस्थेचं कोणतंही काम करत नव्हती, ती केवळ पाहुणी म्हणून उपस्थित होती, सबब वेतनाचा प्रश्न उद्भवत नाही. साहेबांनी ते ग्राह्य धरलं. संस्था निर्दोष.

ताई पुढे झुकली. “म्हणजे ते काम नव्हतं.”

“त्यांच्या बाजूने नव्हतं.”

“आणि माझ्या बाजूने?”

“तुमच्या बाजूने होतं.”

“चमचा एकच होता, साहेब.”

साहेबांना तिची कणव आली असावी, कारण त्यांनी रुमालांचा खोका तिच्याकडे सरकवला. “रागावू नका. हा नियम तुमच्याच संरक्षणासाठी आहे. मालक लोक तुम्हाला फुकट राबवून घेतात, ते होऊ नये म्हणून.”

ताई हसली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. चिंचेच्या झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही ती हसली होती, पण ते हसणं असं नव्हतं. तिने खोका उचलला आणि परत साहेबांसमोर ठेवला.

“मला एवढंच सांगा. पाच वाजता मी उठून गेले असते तर?”

“तर काही प्रश्नच नव्हता.”

“आणि त्यांचं?”

“कुणाचं?”

“काकांचं.”

साहेबांनी कागद चाळले. कंडक्टर त्या कागदांत होता खरा, पण ‘ठिकाण’ या रकान्यात. “तो विषय आमच्या खात्याकडे येत नाही,” ते म्हणाले.

बाहेर जिन्यात मुलाने ताईचे दोन्ही हात धरले. “मी कशाला बोललो हो? मला वाटलं, चांगलं बोललेलं चांगलंच असतं.”

“तुम्ही खरंच बोललात, दादा,” ती म्हणाली. “इथे तेवढं एकच बाकी कुणाला जमलं नाही.” मग माझ्याकडे वळून एकदम भडकली. “आणि तू त्या मोटारी धुणं बंद कर! आजपासून! पंच केलंस की बादली त्याच्या डोक्यावर ओत आणि नीघ. ऐकतोयस का? शहाणा असशील तर राहा इथे, भलेपणा करायचा असेल तर घरी जा!”

निघायच्या आठवड्यात तिने आश्रमातल्या नव्या मुलीला सगळं शिकवलं. पाहुणी म्हणून, भेटीच्या पासवर, हात पाठीमागे बांधून, नुसतं तोंडी. नवी मुलगी हुशार आहे. घंटी तिला जमते. पण तिला एका रांगेत अकरा तोंडं आहेत आणि एका तोंडाला तासभर देता येत नाही. दोन घास झाले की ती पुढच्या पलंगाकडे पळते. मुलगा रविवारी येऊन वाजवतो. बाप तोंड उघडतो, पण मुलगा घास द्यायच्या घाईत गळ्यावर बोटं ठेवायला विसरतो आणि ठसका लागतो. डॉक्टर पोटात नळी घालायचं म्हणतायत. नळीला भूक कधी लागते हे बघावं लागत नाही.

परवा मी गेलो. काम नव्हतं, माझे आठवड्याचे तास संपले होते. फोनवर ताईने विचारलं होतं, काकांचं वजन किती झालं, आणि मला तिला थाप मारायची नव्हती. ट्रॉली आली. नव्या मुलीने वाडगा माझ्यासमोर ठेवला.

“दादा, जरा बघाल का यांच्याकडे? पलीकडच्या आजी ओकल्यात.” आणि ती गेलीसुद्धा.

भोपळ्यावर साय धरू लागली. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. गालाची हाडं वर आली होती, दाढी अर्धवट राहिली होती. मी हात मांड्यांखाली घेऊन बसलो होतो. घंटी नाही, काही नाही, आणि त्याने आपणहून आ केला.

मी एका हाताने वाडगा उचलला आणि दुसऱ्या हाताने फोनवर अर्ज लिहायला घेतला.

प्रति, मा. अधिकारी, परदेशी विद्यार्थी कार्य-तास विभाग. महोदय, अर्जदार विद्यार्थी असून त्याचे चालू आठवड्याचे तास संपलेले आहेत. अर्जदार एका वृद्ध इसमासमोर बसलेला आहे. सदर इसम अर्जदाराचा नातेवाईक नाही. सदर इसमाचे तोंड उघडे आहे. तरी पुढील घास काम समजावा की भेट, याबाबतचा आपला निर्णय, अन्न गार होण्यापूर्वी, सही-शिक्क्यासह लेखी मिळावा, ही नम्र विनंती.