फिरत्या घरातला फिल्टर

मी फिल्टर बोलतोय. तुम्हाला घाई असेल तर आत्ताच उठा, कारण घाई माझ्या रक्तात नाही. वरच्या डब्यात ओतलेलं पाणी खालच्या डब्यात उतरायला मला अर्धा दिवस लागतो, आणि गोष्ट सांगायलाही मी तेवढाच वेळ घेतो. एकावर एक ठेवलेले दोन स्टीलचे डबे, वरच्याच्या पोटात पाणी झिरपवून गाळणाऱ्या दोन पांढऱ्या कँडल, खालच्याला एक तोटी, एवढाच माझा देह. कँडल म्हणतात खरं, पण त्या पेटत नाहीत. दुकानात एका बाईंनी ही चौकशी करूनच मला परत फळीवर ठेवलं होतं.

जन्माचं म्हणाल तर ठोकाठोकीशिवाय मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते थेट नाशिकच्या भांडी बाजारात. खालच्या फळ्यांवर तांब्या-पितळेचे हंडे, कळश्या, घंगाळी. त्यांचा तोरा काय विचारता! लग्नात आंदण म्हणून वाजतगाजत जायचे. मला आंदणात कोण देणार? फिल्टर देणं म्हणजे व्याह्यांना तोंडावर सांगणं, की तुमच्या घरचं पाणी घाण आहे. म्हणून मी धूळ खात बसलो होतो, आणि शेठ महिन्यातून एकदा उपरणं झटकून ती धूळ शेजारच्या डब्यावर उडवायचा.

१९७९ची दिवाळी झाल्यावर धोंडीराम दुकानात आला. त्याने सारं आयुष्य बॉयलरच्या आसपास काढलं होतं आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून नुकताच निवृत्त झाला होता. आला तोच म्हणाला, "पाण्याचं मला काही सांगू नका शेठ. बॉयलरला जे पाणी चालत नाय, ते माणसाला पाजतात लोक. का? तर बॉयलर फुटला की चौकशी होते."

शेठने पांढराशुभ्र चिनी मातीचा फिल्टर पुढे केला. धोंडीरामने हात जोडले. "हा नेला होता मागच्या आठवड्यात. आमच्या फाटकाबाहेरच्या खड्ड्यातच ह्याने राम म्हटला." मग कळलं, गडी महिनाभर हाच उद्योग करत होता. वाळू-कोळशाची तीन मडकी गाडीत बसवून पाहिली, तर एकाच वळणात तिन्ही मडक्यांनी एकमेकांची डोकी फोडली. तुरटी फिरवून पाहिली, तर बायको म्हणाली, दाढी करून आल्यासारखं वाटतंय. प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी टाकीसारखंच लागायचं.

"पाणी गाळायचंय कुठं नक्की?" शेठने विचारलं.

"गाडीत. चालत्या गाडीत."

गिऱ्हाईक वेडं असलं तरी गिऱ्हाईकच. शेठने मला खाली काढलं. धोंडीरामने मला वाजवलं, हुंगलं, तोटी पिरगाळली आणि शेवटी मला उपडा घालून माझ्यावर चक्क बसला. सगळा बाजार बघत होता. पितळी हंडे तर हसून हसून एकमेकांवर आपटले असतील. पण मी चेपलो नाही, आणि त्यावरच माझी निवड झाली. इतर लोक फिल्टर पाणी पिऊन निवडतात, मला मात्र बूड टेकून निवडलं.

आता ही गाडी कसली आणि तिच्यात पाणी गाळायचं वेड कशाला, ते सांगतो.

धोंडीरामची बायको शकुबाई घराबाहेरचं पाणी प्यायची नाही. सोवळं नव्हे, भीती. बऱ्याच वर्षांपूर्वी इगतपुरीला एका लग्नात ती आणि तिची धाकटी बहीण एकाच टाकीतलं पाणी प्यायल्या होत्या. दोघींना कावीळ झाली. शकुबाई उठली, बहीण उठली नाही. तेव्हापासून तहान धरवेल तेवढाच शकुबाईचा प्रवास. सकाळी भांडंभर पाणी पिऊन निघायचं, नाशिकला जाऊन यायचं, घरी येऊन माठावर तुटून पडायचं. त्यापलीकडचं जग तिने सोडून दिलं होतं.

आणि तिची एकुलती एक लेक फुला दिली होती सुरगाण्याला, डोंगरात. जावई नाथा तिथल्या शाळेत मास्तर. लग्नानंतर शकुबाई लेकीच्या घरी एकदाही गेली नव्हती. विचारलं की म्हणायची, "लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी पिऊ नये, आपल्यात रीतच हाय." रीत खरीच होती, आणि फार सोयीची होती. भीतीला रीतीचं लुगडं नेसवलं की कोणी पदर उचलून बघत नाही. पण फुला बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, आणि शकुबाईची रीत संपली.

वर नातवाचं जावळ काढायचं आलं. ते मामाच्या मांडीवर बसवून काढतात, आणि फुलाला भाऊ नाही. तिने निरोप धाडला, "माझ्या आईच्या मांडीवर, माझ्या घरात. नाहीतर काढणारच नाही. वाढू दे केस." पोराचे केस डोळ्यांवर आले, मग नाकावर आले. नाथा मास्तर शाळेत पोरांना केस कापून यायला सांगायचे, तेव्हा पोरं त्यांच्या घराकडे बोट दाखवायची.

धोंडीरामने कुठल्याशा कारखान्याने मोडीत काढलेली मिनीबस आणली. सीटा उपटल्या. पलंग टाकला, स्टोव्ह बसवला, देवाची फळी ठोकली, खिडक्यांना शकुबाईच्याच जुन्या लुगड्यांचे पडदे लावले आणि बायकोला म्हणाला, "बाहेरचं पाणी पीत नायस ना? मग बाहेर जायचंच नाय. घरच घेऊन जाऊ." त्या घरात माझी नेमणूक होती. सायकलच्या ट्यूबने मला खांबाला असा आवळला, की मला वाटलं हा माझ्यावर उपचार करतोय.

शकुबाईने लगेच मान डोलावली असं समजू नका. संक्रांतीपर्यंत ती मला गाडीतून उतरवून घरात ठेवून माझं पाणी पीत राहिली. रोज पेला उजेडात धरायची आणि बघायची. मी गाळायचो पाणी, ती गाळायची मला. अखेर एक दिवस म्हणाली, "जाऊ." धोंडीराम इतका खूष झाला, की त्याने इंजिनाच्या आधी मला हार घातला.

निघायच्या दिवशी धोंडीरामची आत्या चतुराबाई हजर. हिच्या अंगाखांद्यावर धोंडीराम वाढला, त्यामुळे हिला नको म्हणायची सोय नव्हती. रामकुंडावर जाऊन तिने जावळाच्या अंघोळीसाठी गंगेचं पाणी आणलं होतं, चांगली कळशीभर. आमच्या नाशकात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात.

सगळे सामान बांधत होते तेव्हा आत्याबाईंनी माझी पाहणी केली. वरचा डबा रिकामा होता, रात्रभर गळून खालचा तेवढा अर्धा भरला होता. आत्याबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, माझा वरचा डबा अलगद उचलला आणि कळशीतली अर्धी गंगा सरळ खालच्या डब्यात ओतली. मनात वाईट काही नव्हतं. उलट हात जोडून पुटपुटल्या, "गंगामाय, माझ्या सुनेची भीती काढ." गंगा गाळायची असते हे त्यांच्या सात पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी मात्र जागच्या जागी थिजलो. रामकुंडात माणसं पापं धुतात, धोतरं धुतात, म्हशीही कुठे वरच्या अंगाला डुंबत असतात. ते सगळं माझ्या कँडलना वळसा घालून माझ्या पोटात! ओरडायला तोंड हवं, आणि मला आहे ती तोटी.

दिंडोरी गेली, वणी गेली. धोंडीराम प्रत्येक थांब्याला पेला भरून घटाघट प्यायचा आणि म्हणायचा, "काय पाणी हाय! बॉयलरला चालंल!" शकुबाईने एकदाच अर्धा पेला घेतला. घाट लागला आणि धोंडीरामच्या पोटात कळ आली. गाडी थांबवून तो झुडपामागे गेला. परत येऊन म्हणाला, "इंजिन तपासत होतो." पुढच्या वळणावर पुन्हा इंजिन. त्याच्या पुढच्या वळणावर तर हँडब्रेक ओढायचंही भान राहिलं नाही, आत्याबाईंनीच चाकाखाली दगड लावला. इंजिन झुडपात का तपासतात, हे विचारण्याइतकी शकुबाई भोळी नव्हती.

सुरगाण्याला पोहोचलो. फुला पोराला कडेवर घेऊन दारात उभी. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी काचेतून पाहिला. आणि नेमकं तेव्हाच नवऱ्याच्या पोटाची काळजी करत शकुबाई म्हणाली, "घरचंच पाणी प्यायले की हो, मग असं कसं झालं?"

"घरचं कसलं!" आत्याबाई अभिमानाने म्हणाल्या. "गंगेचं घातलंय मी त्यात, खालच्या डब्यात. म्हणून तर शकू, तू धडधाकट हायेस."

शकुबाई पांढरीफटक पडली. पोट धोंडीरामचं बिघडलं होतं, पण धीर सुटला तो हिचा. ती गाडीत परत चढली, दार लावून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. नाथा मास्तर दाराशी येऊन म्हणाले, "मामी, उकळून आणतो." नाही. धोंडीराम आला. नाही. आत्याबाई आल्या, त्यांना तर दारच उघडलं नाही. ऊन चढलं, पत्रा तापला. घशाला कोरड पडून ती ओठांवरून जीभ फिरवत होती, आणि मी तिच्या शेजारी भरल्या पोटी उभा होतो. इतकी लाज मला बाजारात उपडा पडलो तेव्हाही वाटली नव्हती.

मग फुला आली. तिने दार ठोठावलं नाही, ढकललं. पोराला आईसमोर पलंगावर ठेवलं. केसांच्या झिपऱ्यांतून पोर आजीकडे बघायला लागलं.

"आई, तू घर घेऊन आलीस," फुला म्हणाली. "माझ्या घरी कुठं आलीस?"

"फुले, मला जमत नाय गं. तुझी मावशी..."

"मावशी गेली, ठावं हाय मला. पन मी इथं रोज पानी पिते आई. ह्या विहिरीचं. माझ्या दुधातून हे पोर तेच पिऊन राहिलंय. तुला ते विख वाटतं, तर मग चार वरसं तुझी लेक विख पितेय. एकदा तरी बघायला आलीस का, जिती हाय का मेली?"

शकुबाईने वर पाहिलं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. उठली, ट्यूबची गाठ सोडायला लागली. सुटेना, तेव्हा दातांनी तोडली. मला खाली घेतलं, गंगा रस्त्यावर ओतली. आत्याबाईंनी दुरून "अगं अगं" केलं, पण तिने लक्ष दिलं नाही. मला कडेवर घेऊन ती लेकीच्या घरात पहिल्यांदा शिरली.

"विहिरीचं आण," ती फुलाला म्हणाली. "तू पितेस ते मी गाळून बघते."

डबे धुतले, कँडल घासल्या, वरचा डबा भरला. आणि मग सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी आपला टिप... टिप... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई तहानेने व्याकूळ, आणि मी सरकारी कचेरीच्या चालीने चाललो होतो. पण वेळ काढायला शकुबाई चुलीपाशी बसली. फुला नागलीच्या भाकरी थापत होती. "असं नव्हं, कडा फाटतात," आई म्हणाली. "इथं असंच थापतात," लेक म्हणाली. भांडण जुंपलं. भांडता भांडता शकुबाईला फुलाच्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग दिसला. तो कधीचा, ते विचारलं. मग हे फडताळ कोणी केलं, भात कशात ठेवतेस, पावसात चूल पेटते का, रात्री भीती वाटते का. चार वर्षांचं सगळं एका बैठकीत निघालं. मी भरभर गाळलं असतं तर पेला रिकामा करून ती गाडीत जाऊन बसली असती, एवढं मात्र मी छातीठोक सांगतो.

उन्हं कलली तेव्हा पेला भरला. फुलाने तो आईच्या हातात दिला. शकुबाईने या वेळी तो उजेडात धरला नाही. डोळे मिटले आणि प्यायली. थोडं थांबली, उरलेलंही प्यायली.

"गोड हाय गं."

"मग! विहीर कोनाची हाय!" फुला म्हणाली आणि पदराने डोळे पुसून भाकरी उलटायला वळली.

दुसऱ्या दिवशी जावळ निघालं. वस्तरा लागताच पोराने आभाळ डोक्यावर घेतलं आणि आजीच्या नव्या लुगड्यावर आपलं पाणी सोडलं, तेही न गाळता. शकुबाई हसत हसत तशीच बसून राहिली.

निघताना तिने मला इथेच ठेवलं. धोंडीराम कळवळला, "अगं, घराचा फिल्टर!" ती म्हणाली, "घर इथंबी हाय." परतीच्या वाटेवर वणीला तिने हॉटेलातला पेला तोंडाला लावला, असं आत्याबाईंनी नंतर येऊन सांगितलं. धोंडीराम म्हणे बिल द्यायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला होता.

आज १९८७ साल आहे. मी सुरगाण्यातच, चुलीजवळच्या कट्ट्यावर. एक कँडल झिजून बोटाएवढी झाली आहे, तोटी कायम गळते, खाली वाटी ठेवलेली असते. जाता जाता एकच विनवणी करतो: कँडल घासताना जरा हळू घासा, नारळाच्या शेंडीने तर मुळीच नको.

शकुबाई आता एकटीच येते. कधी एस.टी.ने, कधी माणसं कोंबलेल्या जीपमधून, केसांत धूळ घेऊन. परवाही आली. फुलाने माझी तोटी सोडली, तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे, लय कोमट लागतं. हंड्यातलं दे." आणि विहिरीचं न गाळलेलं पाणी उभ्या उभ्या प्यायली. मला राग यायला हवा होता. तेवढ्यात तिचा नातू खेळून घामाघूम होऊन आला आणि हंड्यात पेला बुडवायला गेला. शकुबाईने त्याच्या हातावर चापट मारली, दंड धरून त्याला माझ्यासमोर उभा केला आणि माझा पेला भरेपर्यंत त्याला सोडलं नाही.