एक जूनचा खोटा पाऊस

मी अंकिताचा फोन बोलतोय. एरवी तीच बोलते, पण आज माझं डोकं फिरलंय.

डब्यातून निघालो तो पनवेलच्या दुकानात. आधी प्रितेशदादाचा होतो. त्याने बाईकवरून पाडलं, काच तडकली, मग दिलं ढकलून बहिणीकडे. सुकापूरला आलो आणि आराम संपला. रील, सेल्फी, तासभर चालणारी 'दोन मिनिटं'. कणकेचे हात पण मलाच लावायचे.

तेही चाललं असतं यार. पण एक जूनला गव्हाणला हिच्या पणजोबांची, बुधाजींची जन्मशताब्दी आहे, आणि व्हिडिओ ही बनवतेय. शाळेच्या दाखल्यावरची तारीख उचलली आणि मला विचारते, "एक जून एकोणीसशे सव्वीस, पनवेलचं हवामान?" अगं, माझ्यातलं ॲप उद्याचं धड सांगत नाही. तरी हिने ठोकून दिलं. काळे ढग, विजा, रडकी बासरी आणि वर, "इंग्रजांचं राज्य होतं, मुसळधार पाऊस कोसळत होता..."

आज तो कृष्णाबाईआजीला दाखवला. बुधाजींची एकुलती एक लेक ती. तिने मला लांब धरून बघितलं आणि अंकिताच्या मांडीवर टाकलं.

"ह्यो माजा बापूस नाय."

"आजी, दाखल्यावर आहे ना एक जून."

"मास्तरनी लिवलाय त्यो. शालेत नाव घालताना सगल्यांना एक जूनच. गावची सगली पोरां काय एकाच दिसाला जलमली?"

"मग कधी जन्मले ते?"

"तारीख कोनाला ठावं? माजी आजी, जनी, मिठागरान मीठ ओढीत व्हती, तवा बाबा झाला. पावसान मीठ ऱ्हातं काय, शानी? होली यायची व्हती. उत्तरेचा वारा असा का, बालाला मिठाच्या गोनपाटान गुंडाललान."

अंकिताने व्हिडिओ पुन्हा लावला. माझ्यात विजा कडाडल्या.

"कार्यक्रम करा कवा पन," आजी म्हणाली. "पन त्यो पाऊस काड. मी गेल्यावर सांगाला कोन हाय?"

अंकिताने ढग, विजा, बासरी, सगळं उडवलं. मग रेकॉर्डिंग चालू करून मला उशीला टेकवलं. "आजी, पहिल्यापासून सांग. वारा, मिठागर, जनीआजी, सगळं."

आजी सुटलीय. अंकिता गालाला हात लावून ऐकतेय. दिवसभर माझ्यात तोंड खुपसून बसणारी पोरगी आत्ता ढुंकूनही बघत नाहीये, आणि नेमकं आत्ताच बघायला हवं. माझी बॅटरी दोन टक्क्यांवर आलीय.

अंकिता, बाई गं, चार्जर लाव. बाळ अजून गोणपाटातच आहे.