कानसीचा एक हात जास्त

जुन्या पेठेत तेवीस दुकानं बंद, आणि त्या तेविसांच्याही किल्ल्या कुलूपकाकांच्या भिंतीवर! बाजार नव्या हमरस्त्यावर गेला तसा एकेक दुकानदार शटर ओढायचा, किल्ली काकांच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "लक्ष असू द्या." काकांनी लक्ष ठेवलं. दर सोमवारी तेलाची बाटली घेऊन ते प्रत्येक कुलूप उघडायचे, दोन थेंब सोडायचे, पुन्हा लावायचे. पेठ परत उघडेल अशी वेडी आशा होती माणसाला, पण कबूल करील तर शपथ.

अशात ती चष्मेवाली आली. हातात मोजपट्टी, पिशवीत मालकांची पत्रं. म्हणाली, "काका, दुकानं पुन्हा चालू करायचीत. पहिले सहा महिने कुणालाच भाडं नाही."

झालं! फुकट म्हणे! बारा वर्षांपूर्वी असाच एक गोडबोल्या पत्र घेऊन आला होता. तीन दुकानांच्या सागवानी चौकटी भर दुपारी उपटून घेऊन गेला आणि बोल लागला काकांना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काकांनी तर ताकाला तोंडच लावायचं नाही असं ठरवलं.

पण पत्रं खरी होती, नाही म्हणता येईना. मग या बहाद्दरानं काय करावं? नव्या दुकानदारांसाठी किल्ल्या घडवताना प्रत्येकीच्या एका दातावर कानसीचा एक हात जास्त फिरवला. अशी किल्ली आठ-दहा दिवस गुमान चालते आणि मग अडते. अडली की बोलावणार कुणाला? काकांनाच. म्हणजे आत काय शिजतंय ते आयतं बघायला मिळणार.

"अहो, चाळीस वर्षांचा हात आणि खोटी किल्ली?" काकू तडकल्या. "लाज कशी वाटत नाही?"

"तुला नाही कळायचं. कुठंतरी पाणी मुरतंय."

"तुमच्या डोक्यात मुरतंय!"

सगळ्यांत आधी आली टेलरबाई. दहाव्या दिवशी तिचं कुलूप अडलं. काकांनी किल्ली जरा उचलून फिरवली, कुलूप उघडलं आणि आत नजर टाकली. कापडाचे तागे, दोन मशिनं, खुंटीला टेप. संशय घ्यावा असं काहीच नाही, म्हणून काकांचा संशय दुप्पट झाला. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा बाई म्हणाली, "काका, तुम्ही आहात म्हणून बरं."

चौथ्यांदा अडलं तेव्हा काका स्वतःच्या दुकानाला कुलूप लावून काकूंसह दोन दिवस मेव्हण्याकडे गेलेले. शाळेचे साठ गणवेश आत आणि बाई बाहेर. मालकाचं कुलूप तोडायचं कसं, म्हणून ती बिचारी थांबून राहिली. शाळेनं काम दुसऱ्याला दिलं. काका परतले तर बाई टेम्पोत मशिनं चढवत होती.

"बघ, डाव फसला, निघाली पळून," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली ती किल्ली परत द्यायला आली. "आणखी सात जण येणार होते, काका. सगळ्यांनी नाही म्हणून कळवलं. त्या पेठेत दारंच उघडत नाहीत म्हणतात." ती स्टुलावर बसली. "माझ्या बाबांचं पंख्यांचं दुकान होतं, तुमच्या शेजारी. कुलूपकाका आहेत तोवर पेठ मेली नाही, असं म्हणायचे."

"तू पंखेवाल्याची? अगं, मग आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही नुसती पत्रं उजेडात धरून बघत होता."

ज्या पेठेसाठी इतकी वर्षं जीव टाकला, तिचाच गळा काकांनी स्वतःच्या हातानं आवळला होता. अडखळत का होईना, त्यांनी सगळं सांगून टाकलं.

चष्मेवालीनं ती किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

काकांनी दुपारभर बसून नवी किल्ली घडवली, शंभरदा फिरवून पाहिली. मग हमरस्त्यावर गेले. तिथं एका जिन्याखाली टेलरबाईनं मशीन मांडलं होतं.

"आधीची मीच बिघडवली होती," काका म्हणाले. "मला वाटलं, तुमचा काहीतरी डाव आहे. चूक माझी. ही घ्या, ही कधी अडायची नाही. परत या, बाई."

बाईनं मशीनवरचा पाय थांबवला. आधी किल्लीकडे पाहिलं, मग काकांकडे. हात काही पुढे केला नाही.

"आणि आता यात तुमचा काय डाव आहे, काका?"

काकांनी किल्ली तशीच पुढे धरून ठेवली. तिनं बसा म्हटलं नाही. ते तसेच उभे राहिले.