हिराबाईची टाकी

वसतिगृहाच्या नळाला गरम पाणी तांबूस येऊ लागलं, तेव्हा तुळशीदासने आधी लक्षच दिलं नाही. मग एका सकाळी आठवीतली गोदी आपला पंचा घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"काका, बघा. चहात बुडवल्यासारखा झालाय."

मोखाड्याच्या त्या वसतिगृहात साठ मुली राहायच्या. तुळशीदास तिथला राखणदार आणि त्याची बायको हिराबाई स्वयंपाकीण. थंडीत मुलींचं अंघोळीचं पाणी तीच तापवायची. ओली लाकडं फुंकून फुंकून तिचे डोळे कायम लाल असायचे. दोन हजार चार साली शहरातल्या कुणी गच्चीवर सौर बंब बसवून दिला. पहिल्या दिवशी हिराबाईने नळाखाली हात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही.

टाकीला एक छोटा डबा लावलेला होता. त्यावर हिरवा दिवा जळायचा आणि त्याचं बटण खाली जिन्यात होतं. बसवणारा माणूस घाईघाईत हिंदीतून काहीतरी सांगून गेला. हिराबाईने आपल्यापुरता अर्थ लावला. पाणी तर उन्हानं तापतं, मग रात्री विजेचं काय काम? जळत राहिलं तर टाकी करपेल, चुलीवर विसरलेल्या पातेल्यासारखी. म्हणून मुली जेवायला बसल्या की ती बटण बंद करायची. सकाळी परत चालू करायची, बसवणाऱ्याचंही मन राखायला नको का!

मागच्या पावसाळ्यात ती काविळीने गेली. जव्हारच्या दवाखान्यात शेवटचं बोलली ते टाकीचंच. "टाकी जपा. संध्याकाळचं बटण तुम्ही विसरणार, मला म्हाईत हाय."

तो एक दिवसही विसरला नाही. बटण बंद करताना हळूच म्हणायचा, "हिरे, बंद केलं गं." तिने सांगितलेलं तेवढं एकच काम आता त्याच्याकडे उरलं होतं.

टाकी बघायला नाशिकहून सुदर्शन नावाचा कारागीर आला. त्याने झाकण खोललं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि विचारलं, "हा डबा रोज बंद होतो काय?"

"रात्रीचा," तुळशीदास म्हणाला.

"अहो काका! आत धातूची एक काडी सोडलीय. या डब्यातून तिला जराशी वीज जाते, म्हणून टाकीला गंज चढत नाही. लाइट जाते तेवढं टाकी सोसते. पण रोज रात्रभर बंद? हा डबा म्हणजे टाकीचा राखणदार. तुम्ही स्वतः राखणदार, आणि त्याला मात्र रोज घरी पाठवता होय?"

तुळशीदासला हसू आलं नाही. "टाकी गेली का?"

"भोक पडलेलं नाही अजून. गाळ काढून देतो. पण यापुढे बटणाला हात लावायचा नाही."

अधीक्षिका उज्ज्वला मॅडम शेजारीच उभ्या होत्या. "बंद कोण करायचं?"

"मी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मॅडम मान हलवून खाली गेल्या. जिन्यात गोदी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काका, खोटं बोललात. बटण मावशी बंद करायची. मी बघितलंय ना."

"ती टाकीला जपत होती गं."

"मग मॅडमना तसंच सांगायचं."

"सांगितलं असतं. पण लोकांच्या ध्यानात काय राहिलं असतं? हिराबाईनं टाकी गंजवली, एवढंच."

गोदीने जिन्यातल्या बटणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी नाय सांगणार कुणाला."

संध्याकाळी मुलींच्या ताटांचा आवाज सुरू झाला, तसे त्याचे पाय आपोआप जिन्याकडे वळले. हातही बटणावर गेला. तो तसाच उभा राहिला. बंद केलं नाही तर हिराला काय सांगायचं, हेच त्याला सुचेना. ती तर रोजच्यासारखी वाट बघत असणार.

त्याने बोट काढून घेतलं.

"हिरे," तो म्हणाला, "आजपासून चालूच ठेवतोय. टाकी जपा म्हणाली होतीस ना."

खालून गोदीची हाक आली. "काका, भात निवतोय!"

"आलो," म्हणत तो खाली उतरला.