तिसरी रांग, जांभळी शाल

रुचीनं परमलचं पुडकं मांडीवर टाकलं तशा भानुमतीबाई दचकल्याच.

"हे काय गं?"

"फेकायला, आत्या. तू आणलंच नसशील, मला पता होतं."

आणतील कुठून! बावीस वर्षं हे कुरमुरे त्यांच्या अंगावर पडत आले. ते घरून न्यावे लागतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. इंदुरात दरवर्षी 'संगीत नवरदेव नापास' लागतं आणि निम्मं नाटक प्रेक्षकच करतात. नवरदेव आला की सगळे ओरडणार, "घरी जा!" सासरा खोकला की अख्खं सभागृह खोकणार. पदाचं ध्रुवपद तर नटांच्या वाट्याला येतच नाही. वर परमल उधळायचे. शेव नाही हं, शेव वाया घालवणारा माणूस या शहरात अजून जन्मायचाय. या सगळ्या दंग्याची राणी म्हणजे नवरदेवाची परीक्षा घेणारी मास्तरीण चंपावती, आणि चंपावती म्हणजे भानुमतीबाई. गेल्या वर्षापर्यंत.

यंदा गुडघ्यानं दगा दिला. तालमीच्या पहिल्याच दिवशी त्या दिग्दर्शक अरविंदला म्हणाल्या, "आता एखाद्या नव्या मुलीला द्या." वाटलं होतं, चार वेळा तरी 'छे हो ताई' म्हणेल. मेला एकदाच म्हणाला. मग साताऱ्याहून इथं नोकरीला आलेल्या प्राचीनं छडी हातात घेतली, आणि झालं.

आता तिसरी घंटा झाली. सकाळपासून मनात एकच धाकधूक होती, पोरगी पडली तर? आणि तिच्याखाली दुसरी, सांगायलाही लाज वाटावी अशी. नाही पडली तर?

प्राची आली. आवाज खणखणीत, उभं राहणं झोकदार. पण सभागृह गप्प. नवरदेव आला, कुणी हाकलला नाही. सासरा खोकला, एकटाच खोकला. पद संपल्यावर टाळ्या पडल्या त्या बक्षीस समारंभात पडतात तशा, बेतशीर.

"सगळे चुप का बसलेत?" रुची मागं वळून कुजबुजली.

मागच्या खुर्चीत तुकोजी होते, वीस वर्षं पहिल्या नंबरचे खोकणारे. ते अवघडून म्हणाले, "ताईजी बसल्या आहेत ना सामने. त्यांच्या देखत दुसरीबरोबर दंगा कसा करणार? अच्छा नाही लागत."

भानुमतीबाईंना आधी गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं. मग त्यांनी स्टेजकडे पाहिलं.

परीक्षेचा प्रवेश आला होता. प्राचीनं छडी आपटली. "बोला, वर्ग! नवरदेव पास की नापास?"

ही जागा त्यांच्या हाडात मुरलेली होती. विचारायचं, एक श्वास थांबायचं, की छप्पर उडेल असा गलका येतो. एक श्वास झाला. दुसरा झाला. पोरीचा अंगठा पदराच्या काठावर फिरू लागला. तिसरा. भानुमतीबाई तिसऱ्या श्वासापर्यंत कधी पोचल्याच नव्हत्या. तिथं काय करायचं असतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सकाळपासून जे मागितलं ते आयतं ताटात पडलं होतं, आणि घास काही घशाखाली उतरेना.

"नापास!"

आवाज त्यांचाच होता, चिरकलेला. सगळ्या माना वळल्या.

आता पंचाईत. पहिला ओरडेल त्याची चंपावतीनं हजेरी घ्यायची, ही या नाटकाची रीत. तिथं लहानथोर काही नाही. विंगेत अरविंद दोन्ही हात हलवून 'नको, नको' करत होता. प्राचीनं त्याच्याकडे पाहिलं, मग तिसऱ्या रांगेकडे. छडी मुठीत नीट धरली. 'घाल गं बाई, घाल शिव्या,' भानुमतीबाई मनात म्हणाल्या.

"कोण ते? तिसरी रांग, जांभळी शाल!" छडी थेट त्यांच्यावर रोखली गेली. "न विचारता बोलायला हे काय तुझं घर आहे? ऊठ! कान धर!"

कुणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. भानुमतीबाई पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन उठल्या आणि दोन्ही हातांनी कान धरले.

मग काय विचारता! "नापास! नापास!" मागून परमलची सर आली, निम्मे त्यांच्याच मानेत गेले. तुकोजींना वीस वर्षांतला सर्वांत मोठा खोकला आला. प्राचीनं पद उचललं, ध्रुवपद लोकांनी तिच्या तोंडून हिसकावून घेतलं, आणि ती कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर खोटं खोटं डाफरत राहिली. खुद्द भानुमतीबाईंपेक्षा चांगली डाफरत होती.

भानुमतीबाई उभ्याच. इतक्या वर्षांत किती जणांना उभं केलं असेल. 'बसा' म्हणाल्याचं मात्र एकदाही आठवेना. ती माणसं मग बसायची तरी कधी?

"आत्या, बस ना आता. पाय दुखेल."

"थांब गं," कान न सोडता त्या म्हणाल्या. "बाईंनी अजून सांगितलं नाहीये."