खणखणीत की बद्द

"काका, आता प्रश्न हा संगणक विचारेल. तुम्ही फक्त उत्तरं द्यायची," सुचेता म्हणाली.

काळूराम मिस्त्रीने तिच्या ओठांवरून वाक्य उचललं आणि ऐकल्यासारखी मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा निजामपुऱ्यात कुणी नव्हता. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात उमर गेली, त्यात बारा वर्षांपूर्वी कानही गेले. ठाऊक होतं ते फक्त बायकोला, सीताबाईला. बहिरा मिस्त्री कुठला शेट ठेवणार?

सुचेता मुंबईला संगणक शिकत होती. तिला माणसासारखा विचार करणारा प्रोग्रॅम करायचा होता. अमुक दिसलं तर तमुक कर, अशा नियमांनी तो पुढे सरकायचा. अडला की थांबून विचारायचा, आणि मिळालेलं उत्तर कधी विसरायचा नाही. त्याला लूमची दुरुस्ती शिकवायची ठरली, तेव्हा केसरीनाथशेटने आपला मिस्त्री पुढे केला. दोन महिने दर शुक्रवारी, कारखाना बंद असताना, ती विचारत होती आणि हा सांगत होता. आवाजाचे नियम मात्र त्याने बारा वर्षांपूर्वीच्या कानांनी सांगितले होते.

आज परीक्षा होती. सात नंबरच्या लूमचा, आडवा धागा नेणारा धोटा मधेच अडकत होता. कारण शेटच्या ऑफिसातून आणून लूमपाशी मांडलेल्या संगणकाने शोधायचं होतं.

पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. 'धोटा घासला आहे का? हो असेल तर १, नाही तर २.' काळूराम खुलला. मधे मिशी नाही, तोंडात पान नाही, पाठ फिरवून बोलणं नाही! कित्येक वर्षांत इतकं स्वच्छ त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. तो उत्तर सांगे आणि सुचेता बटण दाबे, कारण त्याची बोटं तेलकट होती.

'इथे मी अडलो. दुसरं काही विचारू का?'

"याला लाज न्हाय बघ," काळूराम हसला. "येत न्हाय तं सरळ सांगतो."

मग पुढचा प्रश्न आला. 'धोट्याला मार लागताना आवाज खणखणीत की बद्द?'

सुचेताने सात नंबर चालू केला. केसरीनाथशेट दारात येऊन उभा राहिला. अंदाजाने ठोकून द्यायला काळूरामचं काय जात होतं? बारा वर्षं लोकांशी बोलताना तेच तर केलं. पण माणसं विसरतात, हा विसरणार नव्हता. चुकीचं शिकला तर जन्मभर चुकीचंच सांगत बसणार, तेही काळूराम मिस्त्रीच्या नावाने.

"बाय, मना ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "बारा वर्सं झाली."

शेट पुढे आला. "मंग येवढी वर्सं लूम कोन नीट करीत व्हता?" हे काळूरामने त्याच्या ओठांवर अचूक वाचलं.

"ह्यो," असं म्हणून त्याने उजवा हात चालत्या लूमच्या सांगाड्यावर ठेवला. "लिव्ह, बाय. धक्का मनगटापर्यंत आला तं ठीक. कोपरापर्यंत आला तं मार देनाऱ्या दांडीचा बोल्ट ढिला. आता कोपरापर्यंत येतो."

सुचेताने आवाजाचा नियम पुसून हाताचा लिहिला. क्षणभराने पडदा म्हणाला, 'दांडीचा बोल्ट तपासा.' लूम थांबवून तिने पाना लावला, तर बोल्ट खरंच ढिला निघाला.

शेट सुचेताच्या कानाशी वाकला, आणि तिने काहीतरी टाइप केलं. काळूरामने धीर करून पडद्याकडे पाहिलं.

'मिस्त्री, उद्या ड्युटीवर येणार ना? हो असेल तर १, नाही तर २.'

सुचेता बटणांपासून मागे सरकली. काळूरामने तेलाचं बोट सदऱ्याला नीट पुसलं आणि स्वतःच एक दाबला.